घरच्या आठवणींतून पोकर चिप्सचा संच कसा घडवावा

सावंतवाडी तालुक्यातल्या आमच्या आजोळी गणपतीच्या जागरणाला पत्ते निघायचे, तेव्हा चिप्स नव्हत्या, चिंचोके होते. आजी चिंच फोडताना चिंचोके बाजूला काढायची, धुऊन उन्हात वाळवायची आणि पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायची. रमीचा डाव लागला की तो डबा चटईच्या मधोमध यायचा आणि मामा मूठ मूठ वाटायला लागायचा. चिंचोका बोटांत फिरवला की आधी गार लागतो, मग हळूहळू ऊब धरतो. कडा बोथट, पोट गुळगुळीत, आणि ओंजळीत हलवले की वाळूसारखा आवाज. पुढे कितीतरी ठिकाणी पत्ते खेळले, पण त्या आवाजाची सर कशाला आली नाही.

आजी गेल्यावर आजोळचं घर वर्षातून दोनदाच उघडायला लागलं. आम्ही मामे-मावस भावंडांनी तेव्हा ठरवलं की दिवाळीत एक रात्र पुन्हा एकत्र पत्त्यांना बसायचं, आणि त्यासाठी आपला स्वतःचा चिप्सचा संच करायचा. पोकरला वापरतात तशाच चकत्या, पण त्यांवर आमचं घर. या कामात आमचं जवळजवळ एक वर्ष गेलं. तुम्हाला तुमच्या घरचा संच करायचा असेल तर काय करावं आणि कशात आमचा हात भाजला, ते सगळं इथे लिहितो आहे.

आधी खेळ, मग आकडे

चित्रं डोक्यात घोळायला लागतात आणि आपण थेट डिझाइनकडे धावतो. तसं करू नका. आपल्या घरात खरोखर कोणता खेळ रंगतो, ते आधी बघा. किती चिप्स लागतील आणि त्यांवर कोणते आकडे हवेत, हे त्यावरूनच ठरतं.

अमेरिकन कॅसिनोंमधल्या चिप्स साधारण १, ५, २५, १०० आणि ५०० अशा मूल्यांच्या असतात, आणि बाजारात मिळणारे तयार संचही तोच कित्ता गिरवतात. तिकडे पाव डॉलरचं नाणं रोजच्या चलनात आहे, म्हणून २५ हा आकडा त्यांच्या बोटांवर आहे. आमच्याकडे मात्र तेरा पानांची रमी चालते. रमीत पहिल्याच फेरीला पॅक केलं, म्हणजे डाव सोडला, तर २० गुण, मधे पॅक केलं तर ४० आणि पूर्ण हात अंगावर आला तर ८०. मग २५ची चिप कशाला? २०ची केली तर पॅकला एक, मधल्या पॅकला दोन आणि फुल हाताला चार चिप्स सरकवल्या की झालं, सुट्ट्याची भानगड उरत नाही. म्हणून आम्ही १, ५, २० आणि १०० अशी चारच मूल्यं ठेवली. पोकर खेळतानाही ही मांडणी अडत नाही. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या बोली, १ आणि २ ठेवले की डाव नीट चालतो. तीनपत्तीचं वेड असलेल्या घरात मात्र १च्या चिप्स भरपूर हव्यात, कारण बूट (डावाआधी प्रत्येकाने मधे टाकायची रक्कम) आणि सुरुवातीच्या चाली त्यांच्यावरच होतात.

आता संख्या. दहा जण बसतील असं धरा (रमीला मग तीन कॅट घ्यावे लागतात). प्रत्येकाला १च्या दहा, ५च्या सहा, २०च्या आठ आणि १००ची एक दिली की ३०० गुण होतात आणि माणशी २५ चिप्स लागतात. म्हणजे वाटपालाच २५० चिप्स गेल्या. जो संपेल त्याला पुन्हा द्यायला बँकेत २०च्या वीस आणि १००च्या तीस ठेवल्या. एकूण हिशेब असा: १च्या १००, ५च्या ६०, २०च्या १०० आणि १००च्या ४०, मिळून ३००. चिप्स ठेवायच्या ट्रेमध्ये वीस-वीसच्या पाच रांगा, म्हणजे शंभर चिप्स मावतात. तेव्हा तीन ट्रे बरोबर भरतात.

याशिवाय प्रत्येक मूल्याच्या पाच-पाच चिप्स जास्त मागवा. सोफ्याखाली एखादी हरवतेच, आणि दोन वर्षांनी पुन्हा छापून घेतलेल्या चिपचा रंग पहिल्या खेपेशी तंतोतंत जुळेल याची खात्री नसते.

चिपवर रुपयाचं चिन्ह घालू नका, नोटेसारखी नक्षीही नको. आमचा खेळ गुणांचा आहे आणि चिपवर नुसता आकडा आहे. महाराष्ट्रात १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. घरातल्या पोराबाळांसमोर ठेवायची वस्तू पैशांपासून लांब असलेलीच बरी.

आठवणी गोळा करताना काय विचारायचं

घरातल्या मोठ्यांना "तुमच्या आठवणी सांगा" असं म्हटलं की ती माणसं अवघडून बसतात. फार तर "खूप मजा यायची" म्हणतात आणि चहाचं विचारतात. आम्हीही सुरुवातीला असेच फसलो. मग मावशीला एकदा सहज विचारलं, "पत्ते खेळताना आजोबांच्या हातात काय असायचं?" ती ताडकन म्हणाली, "अडकित्ता! डाव वाईट आला की सुपारी बारीक कातरायचे आणि चांगला आला की जाडजाड खांडं पाडायचे. आईला त्यावरून बरोबर कळायचं." हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

तेव्हापासून आमचा प्रश्न एकच राहिला: हातात काय होतं? दाराची कडी कशी लागायची? पहाटे पहिला आवाज कशाचा यायचा? आजोळी येताना खिशात काय असायचं? अशा प्रश्नांना माणसं हातवारे करून उत्तरं देतात, आणि चिपवर काय काढायचं ते त्या हातवाऱ्यांतच सापडतं. बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आम्ही पाच जणांशी बोललो आणि तीसेक वस्तूंची यादी झाली. त्यातून चारच निवडायच्या होत्या. निवडताना एक कसोटी लावली: ती वस्तू किमान तीन पिढ्यांना ओळखता यायला हवी, किंवा तिची गोष्ट एका वाक्यात सांगता यायला हवी.

आमच्या चार वस्तू अशा ठरल्या. १वर चिंचोका, त्यात चर्चेला जागाच नव्हती. ५वर एसटीचं ठोसा मारलेलं तिकीट, कारण आजोळची सुट्टी कंडक्टरच्या त्या पंचच्या टिकटिक आवाजापासून सुरू व्हायची. २०वर आजोबांचा अडकित्ता. आणि १००वर पेट्रोमॅक्सची बत्ती. ती पंप मारून पेटवण्याचा मान मामाचा. ती सूंऽऽ करत उजळली की जागरण सुरू झालं असं आम्ही समजायचो.

चेहरे का नकोत

याविषयी मला कळकळीने सांगायचं आहे, कारण आमची पहिली चूक इथेच झाली.

पहिल्या नमुन्यात आम्ही १००च्या चिपवर आजोबांचा फोटो घातला होता. काळी टोपी, जाड काचांचा चष्मा, फोटो छानच आला होता. दिवाळीत तो नमुना सगळ्यांना दाखवला, हातोहात फिरला, सतरंजीवर पडून राहिला. थोड्या वेळाने कुणीतरी नकळत त्यावर चहाचा कप ठेवला. आत्या उठली, कप बाजूला केला, चिप पदराने पुसली आणि देवघराशेजारी नेऊन ठेवली. ती कुणाला एक शब्द बोलली नाही. आम्हाला मात्र सगळं कळलं.

चिप ही फेकायची, सरकवायची, ढिगात टाकायची वस्तू आहे. ती हरली जाते, पायाखाली येते, उष्ट्या हातांनी उचलली जाते. गेलेल्या माणसाचा चेहरा अशा वस्तूवर नसावा. देवाची चित्रं, कुलदैवत, घरच्या गणपतीचा फोटो हेही नको, मग ते कितीही सुंदर दिसो. माणूस आणायचा असेल तर त्याच्या हातातून आणा: त्याचा चष्मा, त्याची छत्री, तिचं शिवणाचं मशीन, त्याचं अक्षर. अडकित्ता बघून आमच्या घरात आजोबांविषयी जेवढं बोलणं निघतं, तेवढं तो फोटो बघून कधी निघालं नव्हतं.

अक्षर आणि आकडे घरचेच घ्या

संचातली सगळ्यांना सर्वात आवडलेली गोष्ट खरं तर चित्र नाहीच. आजी कालनिर्णयच्या चौकटींत दुधाचा हिशेब लिहायची. एक लिटर आलं तर १, दीड आलं तर १॥, अशी जुन्या पद्धतीने उभ्या दंडांची खूण. भिंतीवरून उतरवलेली सात-आठ वर्षांची कॅलेंडरं मामीने गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. त्यांतून आम्ही तिच्या हातचे १, २, ५ आणि ० शोधले. तिच्या ५ची शेपटी खाली येऊन डावीकडे वळायची, जणू पेन उचलायचा तिला कंटाळा असावा. ती शेपटी आम्ही तशीच ठेवली. संचावरचे सगळे आकडे तिच्याच हातचे आहेत. १००साठी तिच्या एका १चे आणि दोन वेगवेगळ्या शून्यांचे तुकडे जोडले.

तुमच्याकडे असा हिशेब नसेल तर पाककृतींची वही, जुनं पोस्टकार्ड, लग्नातल्या आहेराची यादी, शाळेच्या दाखल्यामागचं टिपण, काहीही चालेल. ते ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, फोनने फोटो काढून भागवू नका. जुना कागद पिवळा पडलेला असतो आणि मागची शाई पुढे उमटलेली असते. फोटोत ती डागासारखी दिसते आणि नंतर आकडा वेगळा काढताना जीव जातो.

चिप गोल असल्यामुळे ती समोरच्याला कशीही, उलटीसुद्धा दिसू शकते. हातच्या देवनागरी आकड्यांत १ आणि ९ एकमेकांसारखे दिसण्याचा धोका असतो. म्हणून ९ येईल अशी मूल्यंच ठेवू नका, आणि आकडा एकदा सुलटा, एकदा उलटा असा समोरासमोर दोनदा छापा. समोर बसलेल्यालाही मान न वळवता वाचता येतो.

सावंतवाडीच्या गंजिफाकडून

रंगांवर आमचं घोडं बरेच दिवस अडलं होतं. वाट सापडली ती आजोळच्याच गावच्या कलेत.

सावंतवाडीची गंजिफा ही गोल पत्त्यांची जोडी. दशावतारी गंजिफेत १२० पानं असतात, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बौद्ध आणि कल्की. दिवसा खेळताना पहिली उतारी रामाची आणि रात्री कृष्णाची, हा तिचा नियम मला फार आवडतो. विसाव्या शतकात जवळपास विझत आलेली ही कला शिवरामराजे आणि सत्त्वशिलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना बसवून जगवली. आजही तिथे ही पानं हाताने रंगवताना बघायला मिळतात. जमलं तर आपला संच आखण्याआधी एकदा बघून या.

बघण्यासारखं त्यात हे आहे की प्रत्येक अवताराची जमीन वेगळ्या रंगाची, त्यावर एकच खूण, मासा म्हणजे मासा, कासव म्हणजे कासव, आणि पाठ साधी. एवढ्याशा गोल पानावर चित्रकाराने कुठे गर्दी केलेली नाही. पान हातात आलं की रंगावरून अवतार कळतो, खुणा मोजल्या की किंमत कळते. चिपलाही याहून वेगळं काही लागत नाही. आणखी एक गोष्ट कळली तेव्हा आम्ही भावंडं एकमेकांकडे बघतच राहिलो: जुन्या पद्धतीत या पानांचा पाया कडक करायला चिंचोक्याच्या खळीचा लेप देत असत.

घरची खूण खेळाच्या चकत्यांवर उमटवण्याची हौस काही नवी नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमधली श्रीमंत घराणी चीनच्या कॅन्टन बंदरातून मोत्याच्या शिंपल्याच्या चकत्या कोरून मागवत. गोल, लांबट, माशाच्या आकाराच्या, आणि मधोमध त्या घराण्याची मुद्रा किंवा आद्याक्षरं. आपण मुद्रेच्या जागी अडकित्ता ठेवतो, एवढाच फरक.

रंग ठरवताना

रंग घरातूनच घ्या, पण ते एकमेकांपासून लांबचे असू द्या. आम्ही १ला चिंचोक्याचा तपकिरी, ५ला एसटीचा लाल, २०ला पोफळीच्या झावळीचा हिरवा आणि १००ला रात्रीचा गडद निळा घेतला. कॅसिनोतल्या रूढ रंगांत पाचची चिप लाल असते, त्यामुळे पोकर येणाऱ्या पाहुण्यालाही आमची पाचची लगेच उमजते.

एक अडचण आधी लक्षात आली नव्हती. आमच्या एका भावाला लाल आणि हिरव्यात फरक कळत नाही, आणि असे पुरुष वाटतात त्याहून बरेच असतात. उपाय सोपा आहे. चिपच्या कडेवर जे पट्टे असतात, त्यांची संख्या बदला. आमच्या १ला पट्टा नाही, ५ला दोन, २०ला चार आणि १००ला आठ. शिवाय आखणी झाली की तिचा कृष्णधवल फोटो काढून बघा. चारही चिप्स करड्या छटेतसुद्धा वेगवेगळ्या ओळखू आल्या तर रंग जमले. तपकिरी आणि हिरवा आम्हाला त्यात सारखेच दिसले, म्हणून तपकिरी बराच फिका करावा लागला. तो आता भाजलेल्या चिंचोक्याच्या टरफलाखालच्या रंगाकडे झुकतो.

चिप कशाची करायची

इथे चार वाटा आहेत. खर्च आणि हौस बघून ठरवा.

सर्वात स्वस्त म्हणजे बाजारात सहज मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या चिप्स. त्यांच्या पोटात धातूची चकती असते आणि वजन ११.५ ते १४ ग्रॅम. मधोमध खोलगट गोल असतो, त्यात आपलं छापलेलं स्टिकर बसवायचं. खोलगट भागाचा व्यास व्हर्नियरने मोजा, अंदाजाने नको, आणि स्टिकर त्यापेक्षा अर्धा मिलिमीटर लहान कापून घ्या, नाहीतर कड उचलते. कागदी स्टिकर घामाने फुगतं. व्हिनाइलवर छापून वर मॅट लॅमिनेशन करून घ्या. पहिल्यांदाच करणाऱ्याने, किंवा शाळकरी मुलांना हाताशी घेऊन करायचं असेल तर, मी हीच वाट सुचवीन.

दुसरी वाट आम्ही धरली, ती सिरॅमिक म्हणून विकल्या जाणाऱ्या चिप्सची. नाव सिरॅमिक असलं तरी माती भाजून केलेल्या नसतात, कडक रेझिनच्या असतात. वजन साधारण १० ग्रॅम, व्यास ३९ मिलिमीटर. यांवर सबलिमेशनने छपाई होते, म्हणजे उष्णतेने शाईची वाफ होऊन ती पृष्ठभागात मुरते. त्यामुळे चित्र काठापासून काठापर्यंत जातं, कडेवरही छापता येतं, आणि नखाने खरवडलं तरी निघत नाही. हाताचं अक्षर, बारीक रेषा, मनासारखे रंग हवे असतील तर यासारखं दुसरं काही नाही.

तिसरी म्हणजे साच्यात दाबून घडवलेल्या, मातीमिश्रित क्ले चिप्स. हाताला मऊ, किंचित पावडरीसारख्या लागतात आणि एकमेकींवर पडल्या की खणखणत नाहीत, दबका आवाज करतात. जाणकार यांच्यासाठी जीव टाकतात. यातल्या नावाजलेल्या पॉलसन कंपनीच्या चिप्स कॅसिनोंनाच दिल्या जातात, घरगुती ऑर्डर अमेरिकेतल्या मेन राज्यातली क्लासिक पोकर चिप्स ही कंपनी घेते. पण खर्च बराच येतो आणि वाटही पाहावी लागते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना हे जमण्यासारखं आहे.

चौथी लाकडाची. सावंतवाडीच्या चितारआळीत लाखेच्या रंगाची लाकडी फळं आणि खेळणी मिळतात, तसल्या कारागिराकडून चकत्या कातून घेता येतील. लाकडी चिप हलकी असते, तिची चवड लवकर कोसळते, आणि तीनशे नग एका जाडीचे काढणं कारागिराला कठीण जातं. खेळायला नाही, पण प्रत्येक घराला एक भेट म्हणून द्यायला ती उत्तम. आमच्याकडे पाहुण्यांना जाताना द्यायच्या अशा काही चकत्या करायचा बेत आहे.

चित्र काढणं

संगणकाकडे जाण्याआधी कागदावर ३९ मिलिमीटरचं वर्तुळ काढा. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. ते वर्तुळाच्या मधोमध ठेवून पेन्सिल फिरवली की मधे चित्राची जागा आणि बाहेर पट्टे आणि आकड्यांची जागा अशी सरळ विभागणी मिळते. त्या २७ मिलिमीटरमध्ये वस्तू काढा. छाया नको, नक्षी नको, नुसती बाह्यरेषा आणि आत दोन-तीन ओळखीच्या खुणा. अडकित्त्याच्या मुठीवर पितळी मोराचं डोकं आहे. आम्ही फक्त त्याची चोच आणि डोळा घेतला, पिसारा सोडला. तिकिटावर मजकूर काढलाच नाही, एका कोपऱ्यात ठोशाचं भोक काढलं, आणि बघणाऱ्याला ते लगेच एसटीचं वाटतं.

मग चित्र हातभर अंतरावर, रात्रीच्या दिव्याखाली धरा आणि ज्याने ते आधी पाहिलेलं नाही अशा कुणाला तरी विचारा, हे काय आहे? आमची बत्ती पहिल्या दोघांना मिठाची बरणी वाटली. खाली टाकी आणि पंपाचा दांडा जरा मोठा केला, तेव्हा कुठे ती बत्ती झाली.

संगणकावर आखणी करताना एवढं पाळा. चिप ३९ मिलिमीटरची असली तरी पार्श्वभूमी चारी बाजूंना दोन मिलिमीटर बाहेर काढा, म्हणजे फाइल ४३ मिलिमीटरची होईल. छापताना चिप किंचित सरकतेच, आणि बाहेर रंग नसेल तर पांढरी कोर दिसते. ६०० डीपीआयला ४३ मिलिमीटर म्हणजे साधारण १०१६ पिक्सेल. महत्त्वाचं काहीही काठापासून दीड मिलिमीटर आत ठेवा. रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशेबात, द्या. पडद्यावरचा झगझगीत हिरवा छापल्यावर शेवाळी येतो, त्याची तयारी ठेवा. रेषा ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, आणि अक्षरं अडीच मिलिमीटरपेक्षा लहान नकोत. देवनागरीत वरची मात्रा आणि खालचा उकार यांनाच निम्मी उंची लागते.

आणि मजकुराचं आउटलाइन केल्याशिवाय, म्हणजे अक्षरांचं चित्रासारख्या आकारांत रूपांतर केल्याशिवाय, फाइल पाठवू नका. आम्ही कडेवर गावाचं नाव टाइप करून तसंच पाठवलं होतं. छापणाऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता. नमुना आला तेव्हा वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षराचे दोन तुकडे. मराठी न वाचणाऱ्या माणसाला त्यात काही चुकलं आहे हे दिसणारच नव्हतं. मजकूर आकारात बदलून पाठवला की हा प्रश्न मिटतो. तरीसुद्धा शुद्ध मजकुराचा एक फोटो सोबत जोडा, म्हणजे समोरच्याला ताडून बघता येईल.

नमुन्याशिवाय ऑर्डर नाही

प्रत्येक मूल्याची किमान एक चिप आधी मागवा. पैसे जातात, वेळ जातो, पण हे टाळू नका. आम्ही तीनदा नमुने मागवले.

नमुना आला की तो कपाटात ठेवू नका, त्याच्याशी खेळा. चिवडा खाल्लेल्या तेलकट बोटांनी उचलून बघा, सतरंजीवर आणि काचेच्या टेबलावर सरकवून बघा, पिवळ्या बल्बखाली चारही रंग ओळखू येतात का बघा. घरातल्या सर्वात वयस्कर माणसाच्या हातात चष्म्याशिवाय द्या आणि आकडा विचारा. आमच्या मावशीला २०चा आकडा दिसला नाही, कारण हिरव्यावर काळा होता. तो पिवळसर पांढरा केला.

छापणाऱ्याशी सगळं बोलणं लेखी ठेवा: प्रत्येक मूल्याची संख्या, दोन्ही बाजूंची चित्रं, पुढची आणि मागची बाजू एका दिशेला हवी की उलटी. परदेशातून मागवत असाल तर सीमाशुल्क आणि लागणारे आठवडे आधी धरा. दिवाळीला हवा असेल तर पावसाळा सुरू होण्याआधीच आखणी हातात असायला हवी.

डबा आणि आतला कागद

संच आला की पहिल्यांदा मोजा. आमच्या ५च्या दोन चिप्स कमी भरल्या. त्याच दिवशी कळवल्यामुळे त्या मिळाल्या.

ठेवायला महागडी ॲल्युमिनिअमची पेटी घ्यायची गरज नाही. चिपची जाडी साधारण ३.३ मिलिमीटर धरली तर वीस चिप्सची रांग ६६ मिलिमीटर भरते. एवढं माप धरून कुठलाही सुतार आतले कप्पे करून देतो. आम्ही आजोबांची पत्र्याची लहान ट्रंक वापरली. आतला गंज खरवडून रंग दिला, बाहेरचा मात्र तसाच ठेवला, कारण त्यावर त्यांनी ब्रशने लिहिलेलं नाव आहे.

झाकणाच्या आत एक कागद चिकटवा. त्यावर कोणत्या मूल्याच्या किती चिप्स आहेत ते लिहा, आणि प्रत्येक चित्राखाली एकच वाक्य. "२०: आजोबांचा अडकित्ता. डाव वाईट असला की सुपारी बारीक." एवढं पुरे. ज्या मुलांनी आजोबांना पाहिलं नाही, ती खेळ सुरू व्हायच्या आधी हे मोठ्याने वाचतात आणि मग रात्रभर माझ्या हातांकडे बघत बसतात, मी सुपारी कशी कातरतो म्हणून. कागद आजच्या घरातल्या कुणाच्या तरी हातचा असू द्या, छापील नको. आमचा मामीने लिहिला.

खेळ संपला की ट्रंक बंद करायच्या आधी चिप्स मोजून वीस-वीसच्या रांगा लावायचं काम मुलांकडे आहे. शेवटच्या कप्प्यात चिप्स नाहीत. तिथे आजीच्या डब्यातले उरलेले चिंचोके आहेत, सत्तावीस. तेही ती मोजतात.